कापायच्या टेबलापाशी बसायचे नाही

मित्रांनो, स्टूल म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर बसायची वस्तू येते. मी मात्र असे स्टूल आहे, की ज्याच्यावर बसायला कित्येक वर्षे बंदी होती. आता मी जुने झाले आहे. एका पायाला पाचर आहे, पाट मधोमध गुळगुळीत झाला आहे आणि चारही पायांना खाली जोड दिलेले आहेत. ते जोड कशासाठी दिले, हे सांगायचे तर सगळी गोष्ट सांगावी लागेल. गोष्टीत माणसे थोडी आहेत आणि संशय फार. तुम्हीही जरा जपूनच ऐका.

माझा जन्मच संशयात झाला. गणवेश शिवणाऱ्या एका मास्तरांनी कापडे कापायला लांबलचक टेबल करून घेतले. टेबल झाल्यावर एक फळी उरली. तरुण सुताराने तिचे आपल्या मनानेच स्टूल केले आणि टेबलाबरोबर आणून ठेवले. मास्तरांनी मला उलटे केले, पाय हलवून पाहिले आणि विचारले, "हे कोणी सांगितलं होतं?"

"लाकूड उरलं होतं, मास्तर."

"उरलेलं लाकूड लोक घरी नेतात. तू स्टूल करून देतोस. का?"

"फुकट आहे, मास्तर."

"म्हणून तर विचारतोय."

शेवटी मास्तरांनी मला ठेवून घेतले, पण टेबलापाशी कोणी बसायचे नाही हा नियमही त्याच दिवशी सांगून टाकला. कापणाऱ्याने उभे राहून कापायचे. बसले की खांदा खाली येतो आणि कात्री तिरकी जाते, असे त्यांचे म्हणणे. मग माझ्यावर कापडाचे ताके ठेवले जात. खडूंचा पत्र्याचा डबाही माझ्याच पाटावर असे. कधीमधी एखादे गिऱ्हाईक बसे, पण मास्तर त्याच्याकडे असे बघत, की ते टेकता टेकताच उठून जाई. त्या घरात राहून मलाही वाईट खोड लागली. कोणी माझ्याकडे येऊ लागले, की मला वाटे, याच्या मनात काय आहे?

मास्तरांना दोन सुना होत्या. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. शिवणकामाची खोली खाली आणि घर वर, त्यामुळे दोघींचा दिवस जिन्यावरच जाई. थोरली मशीनवर बसे, गिऱ्हाईक सांभाळे, कोणता गणवेश कधी द्यायचा ते पाहत असे. बोलायला फटकळ, पण कामाला वाघीण. धाकटी कमी बोले. तिच्या हातात मात्र मास्तरांनी आपली मोठी कात्री दिली होती. कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर पुठ्ठ्याचे माप ठेवायचे, खडूने कडा आखायची आणि एका दमात कापत जायचे. धाकटीची कात्री चालू लागली की पाण्यातून नाव गेल्यासारखा आवाज येई. मास्तर गेल्यावरही तो आवाज तसाच राहिला आणि थोरलीने नियमही तसाच ठेवला.

सदऱ्यांना बटणांची काजे करायला एक बाई येत असे. तिला सगळे काजवाली म्हणत. तिची सुई जितकी बारीक चाले, तितकीच तिची जीभ.

आता ज्या दिवसापासून पाणी मुरायला लागले तो दिवस सांगते. धाकटी एका शाळेच्या सदऱ्यांचे थर कापत होती. अर्ध्यात तिने कात्री खाली ठेवली. खोलीत कोणी नव्हते. तिने आधी दाराकडे पाहिले, मग जिन्याकडे पाहिले, माझ्यावरचा ताका उचलून टेबलावर ठेवला आणि ती माझ्यावर बसली.

दाराकडे बघून बसणाऱ्या माणसाचे मला कधीच बरे वाटले नाही. पण ती नुसती बसली. डोके टेबलाच्या कडेला टेकले. जिन्यावर पाऊल वाजले तशी ती उठली, ताका परत माझ्यावर ठेवला आणि काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने कात्री उचलली.

त्यानंतर ती रोज बसू लागली. बाहेर ऊन असताना ती शाल घेऊन येई. तिचा आवाज घोगरा झाला. केस विंचरलेले असले तरी टेबलावर केसांचे पुंजके पडत. जेवण पूर्वीपेक्षा कमी आणि अंग मात्र सुजल्यासारखे. काजवालीने हे सगळे टिपले आणि थोरलीच्या कानापाशी नेऊन ठेवले.

"बाई, तुमची जाऊ काम करायला येते की विश्रांतीला?"

"का गं?"

"काही नाही. स्टुलावरचा ताका रोज वेगळ्या बाजूला तोंड करून असतो, एवढंच."

थोरलीने माझ्याकडे पाहिले. चोराच्या साथीदाराकडे बघावे तसे.

त्यातच खडू नाहीसे होऊ लागले. आमच्याकडचे खडू म्हणजे पातळ, चपट्या वड्या. एक वडी पुष्कळ दिवस चालते. आता डबा भरला की रिकामा होऊ लागला. थोरलीने एकदा सगळ्यांसमोर डबा उपडा करून दाखवला.

"खडू विकून कोणी बंगला बांधत नाही, हे मला कळतं," ती म्हणाली. "पण मग जातात कुठे?"

"उंदीर नेत असतील," काजवाली म्हणाली.

"शिवणकाम शिकलेले उंदीर दिसतात," थोरली म्हणाली आणि बोलता बोलता तिने धाकटीकडे पाहिले. धाकटी खाली बघत होती.

मित्रांनो, मला खडूंचे माहीत होते. डबा माझ्याच पाटावर असे ना. पण लाकडाला कोण विचारतो? माझ्याजवळ जे होते ते माझ्या भेगांतच राहिले.

मग डाव्या बाह्यांचा प्रकार घडला. कापडाला सुलटी बाजू असते आणि उलटी असते. थर अंथरताना एक सुलटा आणि एक उलटा असे अंथरले, तरच डावी आणि उजवी अशा दोन्ही बाह्या निघतात. धाकटीने सगळे थर सुलटेच अंथरले. थोरली शिवायला बसली, तर गठ्ठ्यात एकूण एक बाही डाव्या हाताची.

थोरलीने ओरडाआरडा केला नाही. तिने बाह्या टेबलावर मांडल्या आणि म्हणाली, "या शाळेतल्या पोरांना उजवे हात नाहीत का?"

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आले. "जाऊबाई, मला थर आठवलेच नाहीत. डोक्यात धुकं असल्यासारखं होतं."

"धुकं झोप न झालेल्या माणसाच्या डोक्यात असतं. तू वर जातेस आणि दिवा मालवतेस. मग झोप कुठे जाते?"

त्या प्रश्नामागे काय होते, ते त्या वेळी मला कळले नाही.

धाकटीचा नवरा माल पोचवायची व्हॅन चालवत असे. त्याने तिला डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले. दोघे परत आले ते खालीच थांबले, कारण धाकटीला एका दमात जिना चढवत नव्हता.

"वहिनी, थायरॉइड निघालाय," नवरा म्हणाला.

"म्हणजे काय, भाऊजी? सरळ सांगा."

सांगितले धाकटीने. डॉक्टरीणबाईंनी तिला समजावले होते ते तिने अडखळत पुढे दिले. गळ्यात फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते. सगळ्या शरीराने किती वेगाने चालायचे, ते ती ठरवते. आणि शरीरात पहारेकरी असतात. बाहेरून रोग आला की त्याला मारायचे हे त्यांचे काम. "माझ्या पहारेकऱ्यांना वाटतंय की ही ग्रंथीच परकी आहे. ते तिलाच मारत सुटलेत. म्हणून सगळं मंद झालंय. थंडी वाजते, थकवा येतो, विसरायला होतं."

"आपल्याच घरातलीला मारतात?" थोरलीने विचारले.

"हो."

"ओळखत नाहीत?"

"नाही ओळखत."

"पहारेकरी नवीन असतील," काजवाली सुईत दोरा ओवत म्हणाली.

थोरली हसली नाही. तिच्या कपाळाची आठी तशीच होती. "मी तुला रोज बघते. मला तर असलं काही दिसलं नाही. रक्ताच्या एका थेंबात त्यांना पहारेकरी दिसले?"

गोळी सुरू झाली. अगदी बारीक, खडूच्या कपच्याएवढी. उठल्या उठल्या रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग निदान अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. धाकटी ती वर, उशाशी ठेवून घेई. हळूहळू आवाजातला घोगरेपणा थोडा कमी झाला. बसणे मात्र थांबले नाही. जिना चढताना तिला धाप लागे. मला खाली तिच्या छातीतली धडधड पाटातून जाणवे.

पुन्हा तपासणी झाली. थायरॉइडचा आकडा सुधारला होता, पण अंगातले लोह फार कमी निघाले. मग लोहाचीही गोळी आली, गडद लाल, चांगली मोठी.

थोरलीने दोन्ही गोळ्यांची पाकिटे हातात घेतली आणि उलटून-पालटून पाहिली. मास्तरांनी मला पाहिले होते, अगदी तशीच. "एवढ्या गोळ्या घेऊन तू तशीच. खरंच घेतेस ना?"

"घेते."

"वर काय करतेस ते मला दिसत नाही. उद्यापासून खाली, टेबलावर घ्यायची. माझ्या डोळ्यांदेखत."

"डॉक्टरांनी दोन्ही वेगवेगळ्या वेळी घ्यायला सांगितल्यात, वाटतं."

"वाटतं की नक्की?"

धाकटीने आठवायचा खूप प्रयत्न केला. भुवया जवळ आल्या, ओठ हलले. "नक्की आठवत नाही, जाऊबाई."

"मग झालं. दोन वेळा म्हटलं की एक वेळ चुकणार. एकदम घेऊन मोकळं व्हायचं."

आमच्या खोलीत एक रीत होती. सकाळी कापड अंथरायच्या आधी चहाचा पहिला कप टेबलावर येई आणि सगळ्या उभ्याने तो पीत. आता धाकटीच्या कपाशेजारी बशीत दोन गोळ्या असत. थोरली चहात दूध जास्त घाली, कारण धाकटी अशक्त होती. खोटे कशाला सांगू, त्यात माया होती. पण गोळ्या गिळल्या की थोरली म्हणे, "आ कर."

"जाऊबाई, मी काय लहान आहे?"

"लहान असतीस तर विश्वास ठेवला असता."

आणि धाकटी आ करी. थोरली जिभेखाली पाही, गालाच्या आत पाही. काजवाली मान खाली घालून काजे करीत राही. तिलासुद्धा ते बघवत नसे.

एवढ्या पहाऱ्यात धाकटी सुधारायला हवी होती. ती घसरत गेली. आवाज पुन्हा घोगरा झाला, पापण्या सुजल्या. एकदा कात्री हातात धरून ती उभी होती आणि कशासाठी उचलली तेच तिला आठवेना. पुढच्या तपासणीत थायरॉइडचा आकडा आधीपेक्षाही बिघडलेला निघाला.

"माझ्या डोळ्यांदेखत गिळते," थोरली दिराला म्हणाली. "मग जाते कुठे गोळी? भाऊजी, त्या औषधवाल्याचं दुकान मला आधीपासून खटकतं. गोळ्या खोट्या असणार."

औषधवाला बदलला. आकडा काही बदलला नाही. आता थोरलीकडे संशय घ्यायला बाहेरचे कोणी उरले नाही. तेव्हा काजवालीने आपली सुई बरोबर त्याच जागी टोचली.

"पलीकडच्या गल्लीत नवा कारखाना निघालाय ना, गणवेशांचाच? तिथली कापणी फार सुबक असते म्हणतात."

"असेल."

"असा हात मी एकाच बाईचा पाहिलाय. मी काही म्हणत नाही हं."

थोरलीचे मशीन थांबले. मला तिचा चेहरा दिसत होता. खडू संपतात. दिवसा डोळे मिटतात. रात्रीची झोप कुठेतरी जाते. बाहेरची कापणी सुबक होते. तिने मनातल्या मनात सगळे तुकडे जोडले आणि ते चांगलेच जुळले. फक्त त्या डाव्या बाह्यांसारखे तेही सगळे एकाच बाजूचे होते, हे तिच्या लक्षात आले नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने सांगून टाकले. "सोमवारपासून कापायला बाहेरचा माणूस येतोय. तू काजांना बस."

धाकटीने कप खाली ठेवला. "आणि कात्री?"

"कात्री टेबलाची आहे."

"कात्री मला दिली होती मास्तरांनी."

"मास्तरांनी उभ्या माणसाला दिली होती."

त्या सकाळी धाकटी लपूनछपून बसली नाही. सगळ्यांसमोर माझ्यावर बसली आणि कात्री मांडीवर घेतली. मित्रांनो, कोणाकोणाकडे नाव असते, मान असतो. तिच्याकडे कापण्याचा हात होता. तोही हातातून सुटत चालला होता, आणि तो का सुटतो आहे हे तिचे तिलाच कळत नव्हते.

दुपारी सगळ्या वर जेवायला गेल्या. धाकटी म्हणाली, भूक नाही. थोरली वर गेली खरी, पण जिन्याच्या वळणावर थांबली. तिला खात्री होती, की आता त्या कारखान्याचे कोणीतरी येईल आणि मापाचे पुठ्ठे नाहीतर कापलेले गठ्ठे घेऊन जाईल. आज रंगेहाथ धरायचे.

कोणी आले नाही. धाकटी माझ्यावर बसली होती. तिने खडूचा डबा उघडला, एक पांढरी वडी घेतली, दातांनी तिचा तुकडा मोडला आणि डोळे मिटून चावू लागली. कुर्रकुर्र आवाज झाला. पांढरा चुरा शालीवर पडला, माझ्या पाटावर पडला.

थोरली जिना उतरून आली. "काय करतेस?"

धाकटी दचकली. उरलेली वडी तिने मुठीत लपवली. तोंडात घास होता, त्यामुळे तिला बोलता येईना.

"आ कर," थोरली म्हणाली.

धाकटीने आ केला. जीभ पांढरी झाली होती.

"खडू खातेस?"

"हो."

"खडू?"

"मला नाही राहवत, जाऊबाई." ती रडू लागली. "लोक काय म्हणतील म्हणून सांगितलं नाही. भिंतीचा रंगसुद्धा खावासा वाटतो. खूप दिवस झाले. मला वाटलं, थायरॉइडबरोबर डोकंही गेलं माझं."

"आणि रात्री? रात्री कुठे कापतेस?"

"काय कापते?"

"त्या कारखान्यात."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, एवढी ती थकलेली होती. "जाऊबाई, मला वरच्या पायरीवर पोचायला दोनदा थांबावं लागतं. मी गल्ली ओलांडून जाईन?"

थोरली टेबलाला टेकून उभी राहिली. तिने धाकटीच्या मुठीतली वडी घेतली. कडेला दातांच्या खुणा होत्या. ती बराच वेळ त्या खुणा बघत होती. मग तिने वडी खिशात टाकली आणि अचानक माझा एक पाय धरून मला उचलले.

मला वाटले, संपले. सोमवारी नवा माणूस येणार, तेव्हा त्याच्या आधी माझी रवानगी. पण तिने मला व्हॅनमध्ये टाकले आणि दिराला म्हणाली, "भाऊजी, दवाखान्यात चला. तिथे रांग लांब असते आणि खुर्च्या भरलेल्या असतात. हिच्याने उभं राहवत नाही."

दवाखान्याच्या ओसरीत तिने मला रांगेत ठेवले आणि धाकटीला म्हणाली, "बस." रांग सरकली की ती धाकटीला उठवी, मला उचलून पुढे ठेवी आणि पुन्हा म्हणे, "बस."

रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारले, "घरून स्टूल आणलंत?"

"मग काय टेबल आणायचं?" थोरली म्हणाली.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत पेशंटसाठी एकच खुर्ची होती. ती धाकटीला मिळाली. थोरलीने मला आत आणले होते आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्यावर बसली. इतकी वर्षे मला वाटायचे, ही बाई दगडासारखी जड असणार. तशी ती नव्हती.

"गोळ्या नियमित चालू आहेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"एकही दिवस चुकलेला नाही," थोरली म्हणाली. "माझ्यासमोर घेते. मी तोंड उघडून बघते."

"कधी घेतात?"

"सकाळी, चहा येतो तेव्हा."

"कोणती गोळी?"

"दोन्ही. एका घोटात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. "चहा दुधाचा?"

"चांगला दाट दुधाचा. अशक्त आहे ना ती."

मग त्यांनी शांतपणे समजावले. लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीला पोटातच धरून ठेवते, रक्तापर्यंत जाऊ देत नाही. दूधही तिला अडवते. आणि चहा लोहाला अडवतो. म्हणून थायरॉइडची गोळी सकाळी एकटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. लोहाची निदान चार तासांनी, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली, आणि तिच्या आगेमागे चहा नको. "त्यांनी गोळ्या घेतल्या. पण शरीराला त्या मिळाल्याच नाहीत."

थोरली धाकटीकडे वळली. "म्हणजे ती खरं बोलत होती."

"खोटं बोलतात असं कोणाला वाटलं?"

मग धाकटीच हळूच म्हणाली, "जाऊबाई होत्या म्हणून एकही दिवस चुकला नाही, डॉक्टर."

थोरलीने खिशातून ती वडी काढली आणि टेबलावर ठेवली. दातांच्या खुणा वर येतील अशी. "ही हे खाते. सांगायला लाजते."

"लाजायचं कशाला? कोणी बर्फ खातं, कोणी माती. लोह कमी झालं की काहींना असं होतं. ही खोड नाही, आजाराची खूण आहे. लोह भरत आलं की इच्छा जाते. तोवर खडू मात्र लांब ठेवा, तोही गोळीच्या आड येतो. आणि लोह मुळात कमी का होतंय, तेही आपण शोधू."

"बरी कधी होईल?"

"घाई करू नका. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू. लोह भरायला त्याहून वेळ लागतो. थायरॉइडची गोळी बहुतेक कायमची. काही दिवस चांगले जातील, काही दिवस उगाचच थकल्यासारखे जातील. तेव्हा त्यांना आळशी म्हणू नका."

"आणि ते पहारेकरी?" थोरलीने विचारले. "त्यांना कोणी सांगत का नाही, की ही घरातलीच आहे म्हणून?"

"त्यांची समजूत काढणारं औषध अजून आपल्याकडे नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परतताना व्हॅनमध्ये थोरलीने मला मांडीजवळ धरून ठेवले होते, वळणावर कलंडू नये म्हणून.

सोमवारी कापणारा माणूस आला. आल्या आल्या त्याने माझ्याकडे पाहिले. "कापायच्या टेबलापाशी स्टूल?"

"हो," थोरली म्हणाली. "थर तुम्ही अंथरायचे, ताके तुम्ही उचलायचे, सरळ लांब काप तुम्ही घ्यायचे. माप आणि बारीक कापणी तिची."

"मी कटर आहे, बाई."

"तीही आहे. सध्या दंडात जोर नाही, नजरेत आहे."

पण मी बुटके होते. माझ्यावर बसून धाकटीचा हात टेबलावर पोचताना खांदा वर चढे. मास्तरांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. तेव्हा थोरलीने सुताराला बोलावले. तोच सुतार, केस पिकलेले. त्याने मला उलटे केले, पाय हलवून पाहिले आणि म्हणाला, "याला उंच करायचं? मास्तरांचा तर नियम होता. हे कोणी सांगितलं?"

"मी सांगितलं," थोरली म्हणाली.

माझ्या चारही पायांना खाली जोड बसले. आता मी टेबलाच्या बरोबरीने उभे आहे आणि धाकटी माझ्यावर बसून कापते. कात्री तिरकी जात नाही. पहिल्या महिन्यात फारसे काही बदलले नाही आणि थोरलीला पुन्हा शंका येऊ लागल्या. मग एका सकाळी धाकटीने शाल घेतलीच नाही. पुढे जिना एका दमात चढली. पुढच्या तपासण्यांत आकडे हळूहळू जागेवर येऊ लागले. तरी मधूनच एखादा दिवस असा उगवतो, की ती डोके टेबलाला टेकून गप्प बसते. त्या दिवशी कटर जास्त काम करतो आणि काजवाली जीभ आवरते. आजार गेलेला नाही, मित्रांनो. तो घरातच आहे. पण त्याच्याबरोबर कसे राहायचे, ते या घराला थोडेथोडे कळू लागले आहे.

पहिला चहा अजून टेबलावर येतो, पण बशीत आता गोळ्या नसतात. बारीक गोळी धाकटी पहाटे वर, एकटीच घेते. कोणी आ करायला सांगत नाही. लाल गोळीची वेळ झाली की थोरली मशीनवरूनच म्हणते, "लिंबूपाणी," आणि पुन्हा शिवू लागते.

मला तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. तुमच्या घरात, वर्गात कोणी एकाएकी थकून बसू लागले, तर "का बसलास?" असा संशय घेऊन दाराआडून बघू नका. जवळ जाऊन विचारा. तो म्हणाला, "मला बरं वाटत नाही," तर आधी ते खरे धरा. आणि त्याला बसायला काहीतरी पुढे करा. माझ्यासारखी बिनकामाची स्टुले प्रत्येक घरात असतात.

बाकी, संशयाची सवय अशी सहज जात नाही. थोरली अजूनही संध्याकाळी खडूचा डबा उघडते, एकेक वडी उजेडात धरते आणि कडा तपासते. मी खालून सगळे बघत असते. काल तिला एक वडी सापडली, नखाएवढी पातळ झालेली. तिने ती इकडून पाहिली, तिकडून पाहिली. दातांची खूण कुठेच नव्हती. ती कापडावर रेघा ओढून ओढून झिजली होती. थोरलीने ती वडी परत डब्यात ठेवली, झाकण लावले आणि जिन्यापाशी जाऊन वर हाक मारली, "अगं, खडू संपत आलेत. उद्या नवे आणायला हवेत."